शनिवारचं लिंबू

ह्यांच्या शर्टाला पहिल्यांदा साबण लावला
तेव्हा लग्नाला चार दिवस झाले होते,
माझ्या नखांतली हळद अजून गेली नव्हती.
पिवळा डाग बोटांखाली लाल झाला,
मग बादलीभर लाल,
आणि मी मोरीतच बसून ओरडले.
शेजारच्या तोडणकर वहिनी धावत आल्या,
बादलीत डोकावल्या, हसल्या.
"अगं, डंखावरचा नवरा केलायस ना?
हळदच ती. साबण लागला की अशी रंगते.
उन्हात टाक, उडेल."

गॅलरीत ऊन साडेतीन ते साडेचार.
समोर टॉवर झाल्यापासून तेवढंही नाही.

लालबागला डंखाशी उभं राहून
एकोणीस वर्षं हे हळकुंडं कुटतात.
सांगलीची, सेलमची, राजापुरी,
डोळे मिटून नुसत्या वासावर सांगतात.
उशीचा अभ्रा पिवळा, पगाराच्या नोटा पिवळ्या,
कानामागची ती घडी तर
कितीही घासा, पिवळीच.

हल्ली गाडीतून बायका येतात.
नाकाला रुमाल लावून पायरीशीच थांबतात,
म्हणतात, भाजीला नको, औषधाला हवी.
रोज सकाळी अनशापोटी, कोमट पाण्यात,
वर चिमूटभर मिरपूड.
सांध्यांना, साखरेला, झोपेला, चेहऱ्याला.
हे म्हणतात, "पी हळद नि हो गोरी,
एवढंच ऐकायचं राहिलं होतं."
पण त्यांच्यासाठी डंख पुसून घेतात,
त्यांचा घाणा वेगळा काढतात.

त्यातली एक ह्यांना म्हणाली,
"एवढी हळद रोज तुमच्या पोटात जाते,
तुम्हाला काय होणार!"
घरी येऊन हे हसत हसत सांगत होते.
हसता हसता खोकला आला.
तो अजून पुरता थांबलेला नाही.

केईएमच्या कागदावर लिहिलंय, धूळ टाळा.
मी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
हळद म्हणजे धूळ का हो?
त्या पेन थांबवून बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"फुप्फुसाला नावं कळत नाहीत, ताई."
ह्यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला.
महिन्याभरात तोही पिवळा.

रुमाल मी आता वेगळे धुते.
साबण लावते, रुमाल लाल होतो,
आणि हात थांबतो.
ह्यातला लाल कुठला?

केतकी मोरीच्या उंबऱ्यावर
दहावीचं विज्ञान घेऊन बसली होती.
"आई, हळद दर्शक असते.
साबणानं लाल, आंबटानं परत पिवळी.
लिंबू पिळून बघ."
मी तिला काही विचारलं नव्हतं.
तिनं पुस्तकातून मान वर केली नव्हती.

तेव्हापासून दर शनिवारी
लाल डागावर अर्धं लिंबू.
रंग कडेकडेनं मागे फिरतो,
आधी नारिंगी, मग पिवळा.
मधला ठिपका उशिरा.
एकदा फारच उशिरा.
त्या दिवशी उरलेलं अर्धंही पिळलं,
आणि वरण तसंच बेचव वाढलं,
कुणी काही बोललं नाही.

रात्री दूध तापवते, हळद घालते.
"दिवसभर नाकातोंडात तेच,
घरी येऊन पुन्हा तेच?"
मी म्हणते, ती कामावरची, ही घरची.
साय बोटानं बाजूला सारून पितात,
तळाचा गाळसुद्धा,
पेला गोल फिरवून.

लिंबं महागलीत, दहाला एक.
भाजीवाला विचारतो, एकच?
घरात तिघं, एका लिंबाचं काय होणार?
मी म्हणते,
बघायला पुरतं.